काडतुसाची मान आणि बुलेटची पकड: रीलोडिंगमध्ये नेक टेन्शन कसे साधावे

एफ-टीआर या लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीच्या प्रकारात स्पर्धकाला दोनच काडतुसांची मुभा असते, .२२३ रेमिंग्टन किंवा .३०८ विंचेस्टर. हजार यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१४ मीटरवर, लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ दहा इंच व्यासाचे असते आणि त्याच्या आतले एक्स वर्तुळ पाच इंचांचे. .३०८ च्या बुलेटचा वेग सेकंदाला दहा फुटांनी कमी-जास्त झाला, तर एवढ्या अंतरावर ती तीन-चार इंच वर किंवा खाली लागते. म्हणजे वारा अचूक ओळखला, श्वास आणि बोट दोन्ही ताब्यात ठेवले, तरी काडतुसाकाडतुसातल्या वेगाच्या फरकापायी निम्मे वर्तुळ हातचे जाते. हा फरक कमी करण्याचे उपाय अनेक आहेत. त्यांपैकी सर्वांत जास्त बोलले जाणारे आणि सर्वांत कमी मोजले जाणारे कलम म्हणजे नेक टेन्शन, अर्थात पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, मानेने बुलेटला धरलेली पकड.

पुढे जाण्याआधी कायद्याचे सांगणे भाग आहे. अमेरिकेत झाडलेल्या पुंगळ्यांतून स्वतःच्या वापरापुरती काडतुसे पुन्हा भरायला, म्हणजे रीलोडिंगला, संघीय परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो, आणि पावडर व प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टिकली) घरात किती व कसे ठेवावेत याचे स्थानिक नियम वेगवेगळे असतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे गुन्हा आहे. त्यामुळे हा लेख अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांत कायदेशीरपणे रीलोडिंग करणाऱ्या मराठी नेमबाजांसाठी आहे. इतरांनी तो धातुकामाची एक गोष्ट म्हणून वाचावा. पावडरचे वजन किती घ्यावे हे मी येथे सांगणार नाही, ते पावडर व बुलेट बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तिकेतूनच घ्यायचे असते. उदाहरण सर्वत्र .३०८ चेच घेतले आहे, कारण माझ्या बाकावर वर्षानुवर्षे तेच आहे.

पकड म्हणजे नेमके काय

भोसरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला ही कल्पना नवी नाही. शाफ्टवर बेअरिंग दाबून बसवताना भोक शाफ्टपेक्षा थोडे लहान ठेवतात, आणि त्या फरकाच्या जोरावर बेअरिंग जागेवर राहते. येथे शाफ्ट म्हणजे बुलेट आणि भोक म्हणजे मान. .३०८ च्या बुलेटचा व्यास ०.३०८ इंच असतो. बुलेट बसवण्यापूर्वी मानेचा आतला व्यास ०.३०६ इंच असेल, तर आपण दोन थाऊ टेन्शन आहे असे म्हणतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरमध्ये ०.०२५४. कारखान्यात चालणारा हाच शब्द मी पुढे वापरणार आहे.

मात्र दोन थाऊ हे पकडीचे माप नव्हे, ते केवळ दोन व्यासांमधला फरक आहे. प्रत्यक्ष पकड आणखी चार गोष्टींवर ठरते: पितळ किती कडक आहे, मानेची भिंत किती जाड आहे, बुलेटचा सरळ भाग मानेत किती लांब बसला आहे आणि दोन पृष्ठभागांमध्ये घर्षण किती आहे. दोन पुंगळ्यांमध्ये फरक अगदी दोन-दोन थाऊच असेल, पण एक पहिल्यांदा भरली जात असेल आणि दुसरी नवव्यांदा, तर त्यांची पकड सारखी नसते. नेक टेन्शनचा आकडा बुशिंगवर, म्हणजे मान दाबणाऱ्या रिंगवर, कोरलेला असतो असे समजणे हीच या कामातली मूळ चूक आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या ती टाळण्यासाठी आहेत.

फरक वाढवत नेला की पकड त्याच प्रमाणात वाढते, हाही गैरसमज आहे. पितळ साधारण एक तृतीयांश टक्क्यापर्यंत ताणले तर रबरासारखे मागे येते, त्यापुढे ते कायमचे फाकते. नेमकी मर्यादा त्याच्या कडकपणावर ठरते. ०.३०८ इंचांचा एक तृतीयांश टक्का काढला तर जेमतेम एक थाऊ भरतो. म्हणजे दोन-तीन थाऊंच्या पुढचा फरक ठेवला, तर बुलेट आत जाताना मानेला फाकवण्याचेच काम करते. पकडीत फारशी भर पडत नाही, पण बसवण्याचा जोर वाढतो, बुलेट तिरकी बसण्याची शक्यता वाढते आणि सीटिंग स्टेमचा, म्हणजे बुलेट आत दाबणाऱ्या दांडीचा, वळ बुलेटच्या अंगावर उमटतो. एकेक काडतूस हाताने भरून झाडायच्या बोल्ट रायफलसाठी एक ते दोन थाऊ, मॅगझिनमधून चालणाऱ्या बोल्ट रायफलसाठी दोन ते तीन आणि दर गोळीनंतर आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोसाठी तीन किंवा किंचित जास्त, हा अनुभवाने मान्य झालेला पल्ला आहे. सेमी-ऑटोत काडतूस उताराच्या रॅम्पवर आपटत चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, शिरते. पकड सैल असेल तर बुलेट पुंगळीत मागे ढकलली जाते, आतली जागा घटते आणि दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. तेथे पकड हा अचूकतेआधी सुरक्षेचा प्रश्न आहे.

मोजमाप आधी, प्रेस नंतर

डिजिटल व्हर्निअर या कामाला पुरत नाही. चांगल्या व्हर्निअरची चूकसुद्धा एक थाऊपर्यंत असते, आणि आपण मोजणार आहोत दोन थाऊ. व्हर्निअरचे जबडे मानेच्या आतल्या गोलाईवर नीट टेकतही नाहीत, त्यामुळे आतला व्यास नेहमी कमी दिसतो. दहाहजाराव्या भागापर्यंत वाचणारा बाहेरचा मायक्रोमीटर, भिंत मोजण्यासाठी गोल टोकाचा मायक्रोमीटर आणि जमल्यास ०.३०४ ते ०.३०८ पर्यंतच्या, अर्ध्या थाऊच्या टप्प्याने वाढणाऱ्या पिन गेज (ठरावीक जाडीच्या काड्या), एवढे साहित्य पुरते. पिन गेजने गो आणि नो-गो, म्हणजे कोणती जाते आणि कोणती नाही, तपासणे हीच आतला व्यास मोजण्याची सर्वांत प्रामाणिक रीत आहे. पिन मात्र जोर लावून घुसवायची नाही. ती आपल्या वजनाने किंवा बोटाच्या हलक्या दाबाने गेली तरच गेली असे धरावे.

पिन नसतील तर हिशेब बाहेरून करता येतो. एका पुंगळीच्या मानेची भिंत चार ठिकाणी मोजावी. समजा ती ०.०१५ इंच आली. बुलेट बसल्यावर मानेचा बाहेरचा व्यास ०.३०८ अधिक दोन वेळा ०.०१५, म्हणजे ०.३३८ इंच होईल. दोन थाऊ पकड हवी असेल तर बुलेट बसवण्यापूर्वी मान बाहेरून ०.३३६ भरली पाहिजे. ताळा म्हणून एक नमुना काडतूस, पावडर व प्रायमर न घालता, बुलेट बसवून तयार करावे आणि त्याची मान मायक्रोमीटरने मोजावी. हिशेब आणि मोजमाप यांत अर्ध्या थाऊपेक्षा जास्त तफावत आली तर भिंत पुन्हा मोजावी, कारण बुलेटचा व्यास सहसा दगा देत नाही.

याच वेळी चेंबरचीही खातरजमा करावी. कारखान्यातून आलेल्या .३०८ रायफलच्या चेंबरची मान साधारण ०.३४४ इंचांच्या आसपास असते, त्यामुळे ०.३३८ ची भरलेली मान तिच्यात मोकळी बसते. पण चेंबर अरुंद मानेचे कापून घेतलेले असेल आणि पुंगळी जाड असेल, तर गोळी सुटताना मानेला फाकायला जागाच उरत नाही आणि दाब भडकतो. भरलेली मान आणि चेंबर यांच्यात एकूण दोन-तीन थाऊ तरी मोकळीक हवीच.

पुंगळ्या निवडणे आणि साफ करणे

एका गटात एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या आणि तेवढ्याच वेळा झाडलेल्या पुंगळ्या ठेवाव्यात. माझ्याकडे पन्नास-पन्नासाचे डबे आहेत आणि प्रत्येकावर चिकटपट्टी लावून किती वेळा झाडले, शेवटचे कधी तापवले आणि कोणते बुशिंग वापरले हे पेन्सिलीने लिहिलेले असते. डब्यातली एखादी पुंगळी हरवली तर दुसऱ्या डब्यातली उचलून भरती करण्याचा मोह आवरावा. लष्करी ७.६२ बाय ५१ च्या, म्हणजे .३०८ च्याच लष्करी भावंडाच्या, पुंगळ्या मिळाल्या तर त्या वेगळ्याच ठेवाव्यात. त्यांच्या भिंती बहुधा जाड असतात आणि पाणी शिरू नये म्हणून मानेत आतून डांबरासारखा लेप दिलेला असू शकतो. तो राहिला तर पकडीचा हिशेबच चुकतो.

सफाईबाबत माझे मत थोडे जुनाट आहे. स्टीलच्या बारीक पिना आणि पाणी यांच्यात फिरवलेल्या पुंगळ्या आतून-बाहेरून आरशासारख्या होतात, पण मानेच्या आतली काजळीही जाते, आणि ती काजळीच बुलेटला सरकायला वंगण असते. अगदी कोऱ्या पितळात बसवलेली बुलेट कधी सरकते, कधी अडते. महिनोन्‌महिने तशीच ठेवली तर चिकटूनही बसते. पिनांच्या माऱ्याने तोंडाची कडही ठेचली जाते. मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुसा घातलेल्या टंबलरमध्ये पुंगळ्या फिरवल्या, तर बाहेरून साफ होऊन आत काजळीचा पातळ थर टिकतो आणि मला तेवढे पुरते. ओल्या सफाईचाच आग्रह असेल तर नंतर मानेत कोरड्या ग्राफाइटचा हात फिरवावा.

एक गोष्ट मात्र आवर्जून टाळावी: अमोनिया असलेले पितळेचे पॉलिश. यामागचा इतिहास आपल्याच भूमीतला आहे. ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या कोणी हात न लावता तडकत असत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात अडकून राहिलेला ताण, या तिघांचा तो मिळून परिणाम होता. १९२१ मध्ये मूर आणि सहकाऱ्यांनी त्याची उकल केली, आणि पुंगळ्या तापवून तो ताण काढून टाकणे हा त्यावरचा उपाय ठरला. आपण प्रेसमध्ये मान दाबतो आणि वर बुलेट बसवून ती सतत ताणलेली ठेवतो. त्यात अमोनियाची भर घालण्याचे कारण नाही.

तापवून मऊ करणे

पुण्याच्या तांबट आळीत ठोके घालणारा कारागीर तांब्या-पितळेचे भांडे मध्येच भट्टीत का घालतो, हे ज्याने पाहिले असेल त्याला ॲनीलिंग समजावून सांगावे लागत नाही. ठोकल्याने धातू कडक होतो, आणखी ठोकला तर तडकतो. तापवला की पुन्हा मऊ होतो. पुंगळी सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांच्या पितळाची असते. प्रत्येक वेळी झाडताना मान फाकते आणि डायमध्ये, म्हणजे प्रेसवरच्या साच्यात, पुन्हा दाबली जाते. पाच-सहा फेऱ्यांत ती इतकी कडक होते की डायमधून बाहेर येताच थोडी उसळून मोठी होते. बुशिंग तेच असूनही पहिल्या फेरीत मिळालेले दोन थाऊ सहाव्या फेरीत दीडवर येतात, आणि प्रत्येक पुंगळीची ही उसळी वेगळी असते. मान सारखी ठेवायची तर पितळ सारखे ठेवावे लागते. म्हणून दर फेरीला, निदान दर तिसऱ्या फेरीला, तापवणे योग्य.

फक्त मान आणि खांदा तापवायचा असतो. बूड कधीही तापवायचे नाही, कारण दाबाचा मोठा भार बूड पेलते आणि मऊ झालेले बूड फुटले तर वायू थेट नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. ओव्हनमध्ये अख्ख्या पुंगळ्या तापवण्याचा विचारही करू नये. गॅसच्या टॉर्चसमोर पुंगळी सारखी फिरवत काही सेकंद धरणे, किंवा इंडक्शनचे यंत्र वापरणे, या दोन रूढ पद्धती आहेत. मान काही क्षणांपुरती ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे जायला हवी आणि बूड २५० च्या बरेच खाली राहायला हवे. टॉर्च वापरत असाल तर ठरावीक तापमानाला वितळणारा रंग दोन-तीन पुंगळ्यांच्या मानेच्या आत आणि खांद्याच्या खाली लावून किती सेकंद लागतात ते आधी ठरवून घ्यावे, आणि मग घड्याळ किंवा मेट्रोनोम लावून प्रत्येक पुंगळीला तेवढेच सेकंद द्यावेत. उजेडात मान लालभडक दिसली तर ती जास्त तापली. अशी मान चिखलासारखी मऊ पडते आणि बुलेट धरत नाही, म्हणून ती पुंगळी फेकावी. गरम पुंगळी पाण्यात टाकली किंवा हवेत थंड केली तरी पितळाला फरक पडत नाही. लोखंडाला पाणी देण्याचा नियम येथे लागू नाही. पाणी वापरलेच तर ते फक्त उष्णता बुडाकडे पोचू नये म्हणून.

मान दाबणे: तीन मार्ग

पहिला मार्ग साध्या फुल-लेंथ डायचा, ज्यात आतल्या काडीवर एक्सपांडर बॉल असतो. झाडलेली मान बाहेरून ०.३४३ असेल तर असा डाय तिला ०.३३० च्या आसपासपर्यंत आवळतो आणि परतीच्या खेचीत बॉल तिला पुन्हा फाकवून ०.३३६ वर आणतो. म्हणजे सात थाऊंचे काम असताना मान तेरा थाऊ आवळली जाते आणि सहा थाऊ फाकवली जाते. शिवाय कोरड्या मानेतून वर खेचला जाणारा बॉल तिला एका बाजूला ओढतो आणि खांदाही लांबवतो. शिकाऱ्याला हा डाय पुरेसा आहे. मानेत आतून ब्रशने थोडे वंगण लावावे आणि बॉलला बारीक पॉलिश पेपरने चकाकी द्यावी, एवढ्यानेही पुष्कळ सुधारणा होते.

दुसरा मार्ग बुशिंग डायचा. यात मानेचे माप ठरवणारी रिंग बदलता येते आणि ती एक-एक थाऊच्या टप्प्यात मिळते. वरचा हिशेब ०.३३६ चा आहे म्हणून ०.३३६ चे बुशिंग घ्यावे, असे वाटते खरे; पण मान बुशिंगमधून निघताच अर्धा ते एक थाऊ उसळते. म्हणून एक ०.३३५ चे आणि एक ०.३३६ चे अशी दोन बुशिंगे घ्यावीत आणि मोजून ठरवावे. बुशिंग डायमध्ये किंचित हलते राहिले पाहिजे; डाय हलवल्यावर ते वाजले तर ठीक, कारण तसे असेल तरच ते मानेवर आपोआप मध्यभागी येते. बुशिंग मान पूर्णपणे दाबत नाही, खांद्याजवळची एक बारीक पट्टी तशीच राहते. तो दोष नाही. मात्र एकाच फेरीत पाच थाऊंपेक्षा जास्त दाबायचे असेल तर दोन बुशिंगांनी दोन टप्प्यांत दाबावे, नाहीतर मान बुशिंगच्या मापापेक्षाही लहान आणि वाकडी निघते. आपल्या उदाहरणात ०.३४३ वरून ०.३३५ वर यायचे आहे, म्हणजे आधी ०.३३९ आणि मग ०.३३५.

तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत खात्रीचा, मार्ग बुशिंग आणि मँड्रेल (मानेत आतून घालायची मापाची दांडी) यांचा जोड. भिंतीच्या जाडीत अर्ध्या-पाऊण थाऊचा फरक असतोच. बाहेरून दाबणारे बुशिंग तो फरक आत ढकलते. आतून जाणारे मँड्रेल तो बाहेर ढकलते, जेथे त्याने बुलेटचे काही बिघडत नाही. मान आधी ०.३३४ च्या बुशिंगमधून काढावी, म्हणजे आतला व्यास ०.३०५ च्या आसपास येतो. मग मानेत कोरडे वंगण लावून ०.३०६ चे मँड्रेल वरून खाली सावकाश ढकलावे, क्षणभर थांबावे आणि काढावे. मान थोडी आवळते आणि आतला व्यास साधारण ०.३०५३ ते ०.३०५५ वर स्थिरावतो, म्हणजे अडीच थाऊ. दोन हवे असतील तर अर्ध्या थाऊने मोठे मँड्रेल घ्यावे. मँड्रेल ढकलले जाते, खेचले जात नाही, आणि फाकवायचे असते जेमतेम एक थाऊ; म्हणून मान सरळ राहते.

बुशिंगच्या आकड्यावर विसंबण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. नवा लॉट आणला, जुनेच ०.३३६ चे बुशिंग लावले आणि भिंत मोजायचा कंटाळा केला. नव्या लॉटची भिंत ०.०१४५ होती. भरलेली मान ०.३३७ होणार, बुशिंगमधून उसळून निघालेली मान ०.३३६५, म्हणजे पकड उरली अर्धा थाऊ. बुलेट रायफलिंगला, म्हणजे बॅरलमधल्या पीळदार खाचांना, टेकेल इतकी बाहेर बसवली होती. रेंजवर गोळीबार थांबवण्याची हाक आली, मी बोल्ट मागे घेतला आणि हातात आली ती बुलेट नसलेली पुंगळी. पावडरचे दाणे मॅगझिनच्या खाचेत, ट्रिगरमध्ये, माझ्या बाहीत, आणि बुलेट बॅरलमध्ये रुतून बसलेली. पावडर पूर्ण झाडून, चेंबर रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, बॅरलच्या तोंडाकडून क्लीनिंग रॉडने ती हळूच मागे ठोकून काढावी लागली. त्या दिवशीची स्पर्धा तेथेच संपली, आणि शेजारच्या पॅडवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला मायक्रोमीटर नसतो का असे फार शांतपणे विचारले.

तोंड, लांबी आणि खांद्याजवळची कडी

.३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच आणि कापून ठेवायची लांबी २.००५ इंच असते. लांबी सारखी नसेल तर मानेने धरलेली लांबीही सारखी राहत नाही, म्हणून मान दाबून झाल्यावर सगळ्या पुंगळ्या एकाच मापात कापाव्यात. तोंडाच्या आतल्या कडेला हलका उतार द्यावा आणि बाहेरची कूस काढावी. उतार देताना चाकूसारखी धार आणू नये, ती बुलेटचे तांब्याचे आवरण खरवडते. बोटाच्या नखाला कूस लागत नाही एवढे पुरे.

अनेक फेऱ्यांनंतर मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे आतून पितळाची जाड कडी तयार होते. बुलेटचा सरळ भाग त्या कडीपर्यंत पोचत असेल तर पकड एकाएकी वाढते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. झाडलेल्या, न दाबलेल्या पुंगळीत एक बुलेट हाताने सोडून पाहावी. ती सहज आत जायला हवी. खांद्याजवळ अडकली तर कडी झाली आहे. .३०८ ची मान सुमारे ०.३० इंच लांब असते, त्यामुळे बोटटेल (मागे निमुळत्या) बुलेटचा सरळ भाग कडीच्या वर थांबेल अशी सीटिंगची खोली बहुधा ठेवता येते. तसे जमत नसेल तर आतून रीमर फिरवणे किंवा पुंगळी निवृत्त करणे, एवढेच पर्याय उरतात.

मान बाहेरून खरवडून भिंत सारखी करण्याचे काम, म्हणजे नेक टर्निंग, कारखान्याच्या साध्या चेंबरसाठी बहुतेकांना लागत नाही. करायचेच असेल तर सगळी मान चकाकेपर्यंत कापू नये. उंचवटे निघून साधारण सत्तर टक्के भाग कापला गेला की थांबावे. आणि त्यानंतर भिंत बदलली, म्हणजे बुशिंगही बदलले, हे विसरू नये.

बुलेट बसवताना हाताला काय कळते

सीटिंगच्या वेळी प्रेसचा दांडा सावकाश आणि एकाच गतीने खाली आणावा. हात काही दिवसांत शिकतो. बहुतेक बुलेटी लोण्यात सुरी जावी तशा जातात, एखादी करकरते, एखादी पहिल्या क्षणी अडून मग एकदम सुटते. अशी वेगळी वाटलेली काडतुसे बाजूला ठेवून सरावासाठी वापरावीत. आर्बर प्रेसवर जोर दाखवणारा काटा बसवला तर हीच गोष्ट आकड्यात दिसते, पण काटा घेण्याआधी पहिली दोनशे काडतुसे हाताने अनुभवावीत असे मला वाटते. नाहीतर माणूस काटाच बघत बसतो. स्टेमचा वळ बुलेटवर दिसू लागला तर पकड जास्त आहे किंवा स्टेम त्या बुलेटच्या टोकाला जुळत नाही.

पकड पुरेशी आहे की नाही, याची साधी परीक्षा अशी: पावडर व प्रायमर नसलेले नमुना काडतूस घेऊन बुलेटचे टोक लाकडी बाकावर अंगठ्याच्या जोराने दाबावे आणि आधी व नंतर एकूण लांबी मोजावी. लांबी बदलता कामा नये. सेमी-ऑटोसाठी हेच नमुना काडतूस मॅगझिनमधून दोन-तीनदा चेंबरमध्ये भरून काढावे आणि प्रत्येक वेळी मोजावे. दोन-तीन थाऊंपेक्षा जास्त आत सरकले तर पकड वाढवावी. क्रिंप देऊन, म्हणजे पुंगळीचे तोंड आत मुडपून, सैल मानेवर पांघरूण घालू नये. सैल मानेचा क्रिंप बुलेटला धरत नाही, फक्त चिमटतो.

चाचणी

पकड बदलली की दाबही थोडा बदलतो, म्हणून पावडरचे वजन पुस्तिकेतल्या सुरुवातीच्या मापावरून पुन्हा वर न्यावे. मग एक थाऊ, दोन थाऊ आणि तीन थाऊ अशा तीन गटांत प्रत्येकी किमान वीस काडतुसे भरावीत. पुंगळ्या त्याच डब्यातल्या, त्याच दिवशी तापवलेल्या, बाकी काहीही न बदलता. क्रोनोग्राफवर, म्हणजे वेगमापकावर, पाच-पाच गोळ्यांचे निकाल बघून निर्णय घेणे म्हणजे दोन चेंडूंवरून फलंदाज पारखणे. पाचात प्रमाण विचलन चार दिसते आणि पुढच्या पाचात तेच अकरा होते, आणि बदलले काहीच नसते. शक्य असेल तर तिन्ही गट आलटून पालटून झाडावेत, म्हणजे बॅरल तापल्याचा परिणाम एकाच गटाच्या माथी बसत नाही.

दोन गटांत फरक दिसला नाही, तर त्यातला जास्त पकडीचा गट निवडावा, कारण तो प्रवासात आणि मॅगझिनमध्ये टिकतो. माझ्या रायफलीला दोन आणि अडीच थाऊ यांत भेद कळत नाही. मी अडीच ठेवतो. तुमच्या बॅरलचे म्हणणे वेगळे असू शकते.

मानेवर केसाएवढी उभी चीर दिसली की ती पुंगळी त्याच क्षणी पक्कडीने चेपून भंगारात टाकावी, म्हणजे चुकून पुन्हा डब्यात जात नाही. एका डब्यात अशा दोन-तीन निघाल्या तर उरलेल्या सत्तेचाळीसही त्याच वयाच्या आहेत हे लक्षात घेऊन अख्खा डबा बाद करावा. नवा लॉट आल्यावर पहिल्या दहा पुंगळ्यांची भिंत मोजून तो आकडा चिकटपट्टीवर लिहावा, आणि मगच बुशिंगच्या डबीला हात लावावा.